मोटारीचा गिअर आणि माणसाचा हात

घाटातून जाणाऱ्या एस. टी.त ड्रायव्हरच्या जवळच्या बाकावर आपण कधी बसला असाल, तर एक गोष्ट आपल्या कानांनी टिपली असेल. चढ लागला की इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी कण्हू लागते. ड्रायव्हर पायाने क्लच दाबतो, डाव्या हाताने दांडा ओढतो, आणि गाडी पुन्हा मोकळ्या गळ्यानं चालू लागते. या हालचालीवरून मोटारवाल्यांत कित्येक दशकं वाद चालला आहे. कुणी म्हणतं, गाडी चालवण्याची सारी गोडी तिच्यातच आहे. कुणी म्हणतं, ही निव्वळ कटकट. यंत्रानं आपली आपण उरकावी.

मुळात गिअर लागतो कशाला? बैल उभ्या जागेवरून खांदा लावून चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढतो. पेट्रोलच्या इंजिनाला ते साधत नाही. ते पुरेशा वेगानं फिरत असेल तरच त्यात जोर. फार हळू फिरलं की बंद पडतं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी बसवावी लागली. खालच्या गिअरला जोर जास्त, वेग कमी, वरच्याला उलट.

फ्रान्समधल्या पानार-लव्हासोर कंपनीनं १८९० नंतरच्या दशकात या पेटीला जे रूप दिलं, तेच पुढे रूढ झालं. पण ती पेटी भारी खाष्ट होती बरं का! वेगवेगळ्या गतीनं फिरणारी दोन दातेरी चाकं एकमेकांत सरकवायची. गती जुळली नाही, की दात कडाकडा वाजायचे, झिजायचे, प्रसंगी तुटायचे. त्यावर उपाय एकच. क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणायची, क्लच सोडून इंजिनाला थोडा जोर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि नेमक्या क्षणी दांडा टाकायचा. हा क्षण घड्याळात दिसत नाही, तो कानांनी ओळखावा लागतो. जुन्या ड्रायव्हरांचा सारा दिमाख या कानात होता. हेन्री फोर्डनं १९०८ साली काढलेल्या मॉडेल टी गाडीत ही कसरत टाळली होती. तिथं डावा पाय खाली दाबला की पहिला गिअर, सोडला की दुसरा. आणि पेट्रोल द्यायचं ते हातानं, सुकाणूजवळच्या दांडीनं.

यानंतर जो मनुष्य येतो, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. अर्ल थॉम्पसन हा अमेरिकी अभियंता. दात दातांत शिरण्यापूर्वी दोन निमुळते भाग एकमेकांवर घासावेत आणि त्या घर्षणानं दोन्ही चाकांची गती एक व्हावी, अशी योजना त्यानं केली. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ती आली. कडकडाट थांबला; दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला. पण थॉम्पसन एवढ्यावर थांबला नाही. त्याच्याच हाताखाली जनरल मोटर्समध्ये ‘हायड्रामॅटिक’ तयार झालं आणि १९३९ मध्ये ओल्डस्मोबाइलच्या १९४० च्या गाड्यांसाठी जाहीर झालं. त्यात क्लचचा पायच नाही! दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो ना? तसंच हे, फक्त वाऱ्याऐवजी तेल. तेलाची ही युक्ती हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ सालीच जहाजांसाठी काढली होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात हायड्रामॅटिक बसवलं गेलं. युद्धात हात वा पाय गमावून परतलेल्या सैनिकांसाठी ओल्डस्मोबाइलनं त्याच यंत्राच्या खास गाड्या दिल्या. ‘ऑटोमॅटिक म्हणजे आळशांची गाडी’ असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

आता गोडीविषयी. विहिरीतून रोज पाणी शेंदावं लागतं, तेव्हा रहाटाचं कौतुक कुणी करत नाही. माझ्या मते गिअरची गोडी सर्वसामान्य मोटारवाल्याला लागली, ती दातांचा कडकडाट थांबल्यावर. म्हणजे दांड्याचे भक्त आणि दांड्याचे वैरी, दोघेही एकाच थॉम्पसनचे ऋणी!

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, इंजिनं मोठी; तेलात थोडी शक्ती वाया गेली तरी तिथं चाललं. युरोपात आणि आपल्याकडे ते परवडणारं नव्हतं, म्हणून इथं दांडा टिकला. कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाटचा, म्हणजे पुढच्या पद्मिनीचा, गिअर तर सुकाणूलाच होता. पुढं सलग बाक असल्यानं तिघं दाटीवाटीनं बसत. ही पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर गेली. त्याआधीच, २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओत निराळी तडजोड आली होती. पेटी तीच जुनी, पण क्लच दाबायला आणि गिअर बदलायला माणसाऐवजी यंत्र.

मात्र घाट उतरताना एक भेद उरतो. उतारालाही खालचा गिअर ठेवला तर इंजिनच गाडी आवरून धरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं, तर ब्रेक तापून ढिले पडतात. साध्या ऑटोमॅटिक पेटीला गाडीचा वेग कळतो, पुढचं वळण दिसत नाही. तेव्हा अशा गाडीतही खालच्या गिअरची खूण असते ती शोधून ठेवावी आणि उतार लागण्यापूर्वीच वापरावी. शिकवणारे हे क्वचित सांगतात.

विजेच्या मोटारीनं तर बैलाचा गुण घेतला आहे. उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर! त्यामुळे तिच्यातल्या बहुतेकांना बदलते गिअर लागतच नाहीत. तरीही ह्युंदाई कंपनीनं २०२३ साली ‘आयोनिक ५ एन’ नावाची विजेची गाडी काढली, तिच्यात गिअर बदलल्याचा लटका धक्का आणि लटका आवाज मुद्दाम भरला आहे. ज्याला तो नको असेल, त्याला बंदही करता येतो.