वसईचे गोडे पाणी आणि मुंबईची भाजी

वसईच्या पश्चिमेला, समुद्र आणि रेल्वे यांच्यामधल्या वाड्यांत केळी, पानवेली, फुले व भाजीपाला पिकत आला. १८६४ साली मुंबईपर्यंत रेल्वे झाली आणि हा माल शहराच्या बाजारात जाऊ लागला. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली इथली सुकेळी तर प्रसिद्धच आहेत! हे सारे विहिरींवर चाले. रहाट गेले, पंप आले.

समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते किंचित हलके असते. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी राहू शकते. उपसा वाढून ती पातळी थोडी जरी उतरली, तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर सरकते. पावसाचे पाणी मुरवणारी गावची बावखले हा समतोल राखीत.

१९८०च्या दशकात रेल्वेच्या कडेने इमारती वाढल्या. नळ त्या वेगाने आले नाहीत. वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. पैसे एकाला मिळतात. खारे पाणी मात्र शेजाऱ्याच्याही विहिरीत शिरते आणि त्याच्या केळीची पाने कडेने करपतात.

या अन्यायाविरुद्ध दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अग्रणी होते. टँकरचा उपसा थांबवा आणि हिरवा पट्टा राखा, अशी तिची मागणी होती. १९९० साली सिडकोकडे वसई-विरारचे नियोजन गेल्यावर विकास आराखड्याचा वादही त्यात आला. अन्न पिकवणाऱ्याच्या हातून त्याचे साधन जाऊ नये, यासाठी ही धडपड होती. म्हणून आम्ही तिला अन्नाच्या इतिहासात जागा देतो. मात्र इमारतींतली माणसेही तहानलेलीच होती, हे विसरून चालणार नाही. (त्यातली बरीचशी याच वाड्यांची भाजी खात असणार.) दुसरीकडून पाणी आणल्याशिवाय हा तंटा मिटणे शक्य नव्हते. पुढे सूर्या नदीचे पाणी नळाने आले, तरी टँकर पुरते थांबले नाहीत आणि अनेक बावखले बुजली.

किनाऱ्यापासून रेल्वेपर्यंतच्या चार-पाच विहिरींचे पाणी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात आणावे. प्रत्येक नमुना सारखाच घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे सारख्याच मोजाचे थेंब टाकावेत. जोडीला ऊर्ध्वपातित पाण्याची एक परीक्षानळी ठेवावी. कोणत्या विहिरीचा पांढरा साका मे महिन्यात अधिक दाट होतो, हे विद्यार्थ्यांनी गावच्या नकाशावर मांडावे.