बोरीचा सातबारा

फळझाडांचा इतिहास लिहिणारी मंडळी सहसा राजेरजवाड्यांपासून सुरुवात करतात. आंबा म्हटला की अकबर बादशहाची लाखबाग येते, हापूस म्हटला की पोर्तुगीजांचा अल्बुकर्क येतो. बोरासाठी मात्र कोणी राजा यायला तयार नाही. कारण उघड आहे. बोर कोणी लावलेच नाही. पाखराने खाल्ले, बांधावर आठळी टाकली, पाऊस झाला, बोर उगवली. आता यात इतिहासकाराने लिहायचे काय? पाखराचे नाव?

पुरावाच हवा असेल तर तो पुणे जिल्ह्यात इनामगावला आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जळून कोळसा झालेल्या बोराच्या आठळ्या सापडल्या. म्हणजे त्या काळचा माणूसही बोरे खाऊन आठळ्या घरातच टाकीत होता! या बाबतीत आपली प्रगती फारशी झालेली नाही. वैदिक याज्ञिकांचा अभ्यास तर आपल्यापेक्षा दांडगा. सौत्रामणी यज्ञाला त्यांना कुवल, कर्कंधू आणि बदर अशी तीन जातींची बोरे लागत. शबरीचे म्हणाल तर वाल्मीकीने तिच्याकडे रामाला उष्टी बोरे खायला घातलेलीच नाहीत. ती गोष्ट मागाहून आली. पण लोकांनी नेमके बोरच निवडले, यात मला अर्थ वाटतो. शबरीकडे बाग कुठली? आणि आंबे आणायचे तर आधी कुणाला तरी विचारावे लागले असते.

धाराशिव जिल्हा हा या बिनमालकीच्या फळाचा खास मुलूख. पाऊस यायचा तर यायचा, जमीन कुठे काळी तर कुठे बालाघाटाची मुरमाड. बोरीला दोन्ही चालतात. उन्हाळा आला की ती पाने टाकून झोपी जाते, सोटमूळ मात्र खाली पाणी शोधीत राहते. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात धरण घालून पाणीमहाल बांधला, तो ज्या नदीवर, तिचे नावसुद्धा बोरी. बांधावरच्या एखाद्या म्हाताऱ्या बोरीने १९४८ पर्यंत निजाम पाहिला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य पाहिले, १९६० ला महाराष्ट्र पाहिला, १९८२ ला लातूर वेगळे निघताना पाहिले, आणि २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झालेले पाहिले. एवढ्या कारभारात तिची नोंद घ्यावी असे कोणत्याही तलाठ्याला वाटले नाही, आणि तिचेही काही अडले नाही.

येळवशीला या गोष्टीची खरी गंमत कळे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला इकडे सगळे गाव शेतात जाते. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे पोटात ढकलून मोठी माणसे आडवी झाली की पोरे बांधाला लागत. आपले शेत कुठे संपते आणि भावकीचे कुठे सुरू होते, यावरून मोठ्यांची डोकी फुटली असतील, पण बोर त्याच वादाच्या बांधावर उभी. तिच्याखाली दोन्हीकडची पोरे. खिसे भरत, अंगठ्यात काटे मोडत. उरलेली बोरे बाया वेचून आठवड्याच्या बाजारात मापाने विकत, वाळवून बोरकूट करत. संक्रांतीला तीच सुगडात जात आणि बोरन्हाणाला पोराच्या टाळक्यावर पडत. वेचणारीला "कुणाच्या झाडाची गं?" असे कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न आला तो उमराणबरोबर. आठव्या दशकानंतर सोलापूर, नगर भागात या मोठ्या, सोनेरी, लांबट बोराच्या बागा होऊ लागल्या. १९९० साली सरकारने रोजगार हमीला फळबाग जोडली, अनुदानाच्या यादीत बोर आली, आणि सातबाऱ्यावर, पिकाच्या रकान्यात, पहिल्यांदा तिचे नाव लागले. सहा बाय सहा मीटरवर एक, हेक्टरी सुमारे २७७ झाडे. रांगेत उभ्या राहिलेल्या बोरी म्हणजे तालमीतल्या उनाड पोरांना कवायतीला उभे करावे तसे. आणि मग राखणदार आला. त्याच्या हातात गोफण. पाखरांसाठी, असे म्हणतात.

मला शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. कोरडवाहू माणसाला चार पैसे मिळाले तर कोणाच्या पोटात का दुखावे? दुखते ते वेगळे. बांध ट्रॅक्टरने कोरून कोरून दोरीएवढे झाले, त्यात म्हाताऱ्या बोरी गेल्या. मापाने विकणारी बाई आता बोरे आणणार कुठून? बागेत तिला मजुरी मिळते. बोरे मालकाची.

आता तर बोर गच्चीवर आली आहे. ॲपल बोर नावाचे एक थायलंडचे पाहुणे दहा-बारा वर्षांपूर्वी आले. फळ छोट्या हिरव्या सफरचंदाएवढे, काटे नावाला, चव काकडीच्या शेजारची. आमच्या एका स्नेह्यांनी धाराशिवला ते कुंडीत लावले आहे. कुंडीच्या बाबतीत हा जिल्हा कोणाला ऐकणार नाही. तेरचे गोरोबाकाका ज्या मुलखात थापटणे घेऊन संतांची डोकी पारखीत होते, तिथे मडक्याचे शहाणपण बाहेरून आणायची गरज काय? तरी नियम सांगतो. कुंडी कंबरेला लागेल एवढी खोल हवी, नाहीतर सोटमूळ गोल गोल फिरून स्वतःलाच गाठ मारते. भोकावर खापऱ्या, वर पोयट्यात वाळू आणि शेणखत. नुसती काळी माती घातली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट. फळ नव्या फुटीवर येते म्हणून उन्हाळ्यात निर्दयपणे छाटायचे. आणि वैशाखात पाने गळली तर रडायचे नाही. वहिनींनी पहिल्या वर्षी "मेलं वाटतं" म्हणून ते भंगारवाल्याला कुंडीसकट द्यायला काढले होते.

एक गोष्ट मात्र रोपवाटिकेवाला सांगायचा विसरतो. ही थोर बोर मुळात कलम असते. खाली बुंधा गावठी, त्यावर परक्या जातीचा डोळा भरलेला. जोडाच्या खालून फूट आली की लगेच खुडायची, नाहीतर गावठी वर चढते आणि पाहुण्याचा जीव जातो. स्नेही गेल्या वर्षी लेकीकडे दोन महिने पुण्याला होते. परत आले तर जोडाच्या खालून हातभर फूट, बारीक पाने, जोडीजोडीने काटे. ते कात्री घेऊन गेले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून दोन पोरांनी विचारले, "काका, याला बोरं कधी येणार?"

कात्री अजून तिथेच कठड्यावर आहे.