केमेटिक उपासना

नाईल नदीच्या खोऱ्यातील प्राचीन देवतांची, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा आरंभिलेली उपासना. 'केमेत' म्हणजे काळी भूमी; पुराच्या गाळावरून मिसरी लोकांनी आपल्या मुलखास दिलेले हे नाव असून, तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीवर वाढलेल्या वाचकास त्यातील जिव्हाळा निराळा समजावून द्यावा लागणार नाही.

मूळ धर्माचा लोप हळूहळू झाला. अलेक्झांड्रियातील सेरापिसचे मंदिर इ. स. 391 मध्ये उद्ध्वस्त झाले. फिली बेटावर 394 मध्ये चित्रलिपीतील ज्ञात असा अखेरचा लेख कोरला गेला. आणि तेथील इसिसचे देवालय सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने बंद पडले. लिपी वाचणारा कोणी न उरल्यामुळे, भिंतीभिंतींवर कोरलेले ते अफाट दप्तर, 1822 मध्ये फ्रेंच विद्वान शांपोल्यों याने वाचनाची किल्ली शोधून काढीपर्यंत, चौदा शतकांहून अधिक काळ मुके होऊन पडले होते.

पुनरारंभ ईजिप्तबाहेर झाला. 'चर्च ऑफ द इटर्नल सोर्स' ही संस्था 1970 मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत 'औसार औसेत सोसायटी' 1973 पासून कार्य करू लागली. आणि तमारा सिउदा यांनी 1988 मध्ये इलिनॉय प्रांतात 'हाऊस ऑफ नेत्जेर' स्थापन केले. या शेवटच्या पंथात साधकाचे दैवी मातापिता कोण, हे कौल लावून ठरवितात. आपल्याकडे कुलदैवत जन्माबरोबर लाभते. तेथे ते शोधावे लागते, आणि या शोधातील आर्तता मला मोठी आदरणीय वाटते.

नित्यपूजेचा आधार सेती राजाच्या अबिदोस येथील मंदिरातील शिल्पपट आणि बर्लिन येथील एक पपायरस यांवर आहे. पुजाऱ्याने पहाटे गाभाऱ्याची मातीची मोहर फोडावी, देवास जागे करावे, स्नान घालावे, वस्त्रे नेसवावी, अन्न अर्पावे आणि निघताना आपल्या पावलांचे ठसे झाडून पुसावे, असा तो क्रम होता. आजचा साधक घरच्या लहानशा देव्हाऱ्यापुढे शुद्धी, दीप, धूप व नैवेद्य एवढ्यावर तो आटोपतो आणि अर्पिलेले अन्न स्वतः ग्रहण करतो. मिसरी वर्ष 360 दिवसांचे धरून त्यास ओसिरिस, होरस, सेत, इसिस व नेफ्थिस यांच्या जन्माचे 5 दिवस जोडीत; त्यानंतरचा वर्षारंभ व्याधाच्या ताऱ्याच्या पहाटेच्या पुनर्दर्शनाशी निगडित असल्याने, आणि ते दर्शन अक्षांशागणिक निरनिराळ्या दिवशी घडत असल्याने, त्याची तिथी मुद्दाम गणित करून काढावी लागते.

सर्वांत बिकट अडचण मात्र उच्चाराची आहे. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. म्हणून देवतांची नावे कॉप्टिक भाषेच्या साहाय्याने अनुमानानेच उच्चारावी लागतात, आणि ज्या देवतेस सर्वस्व वाहावयाचे तिला हाक नेमकी कशी मारावी, हे भक्तास निश्चयाने ठाऊक नसते.

येथे खानदेशच्या कानबाई या देवीचे स्मरण होते. जळगाव-धुळ्याकडील घरोघरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाच्या रूपाने तिची स्थापना होते. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. रात्र अहिराणी गाण्यांनी जागवून सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. मिसरी धर्मापाशी सनदा उदंड आहेत, परंतु वहिवाट तुटलेली आहे. कानबाईची वहिवाट मुख्यतः स्त्रियांच्या कंठातून आणि हातांतून पुढे आलेली आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या शोधकार्यामुळे जुन्या कागदाचे मोल धुळ्याला चांगले कळते. तरी रोटाचे पीठ हाताला कितपत घट्ट लागावे, हे तेथील सुनेने सासूच्या शेजारी बसूनच शिकलेले असते, आणि केमेटिक साधकापाशी अशी सासू नाही.

ईजिप्तमध्येही काही अवशेष लोकाचारात टिकले आहेत. लक्सर येथील प्राचीन मंदिराच्या आवारातच अबू अल-हज्जाज या मुसलमान साधूची मशीद असून, त्याच्या वार्षिक उत्सवात नौका मिरवीत नेतात. पुरातन ओपेत उत्सवात आमोन देवाची नौका याच नगरात मिरवीत असत.