उनकेश्वर : मराठवाड्यातील उष्ण झरे

सुट्टीत उष्णोदक स्नानासाठी वज्रेश्वरी-गणेशपुरीची वाट धरणाऱ्यांना मराठवाड्यातील उनकेश्वराचा बहुधा विसर पडतो. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात हे गंधकयुक्त झरे आहेत. जालना जिल्ह्यातील केदारखेड्याहून प्रवास लांबचा. तो एका दिवसात उरकू नये. रामाच्या बाणाने येथे पाणी उसळले व शरभंग ऋषींची व्याधी बरी झाली, अशी आख्यायिका आहे. ज्वालामुखीचा मात्र येथे संबंध नाही. खोलवर मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून खडकांतील भेगांवाटे वर येते. स्नानाने शीण उतरतो, हे खरे. परंतु कुष्ठरोग बरा होतो तो बहुविध औषधोपचारानेच, आणि ही औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. उघडी जखम, हृदयविकार वा गर्भारपण असल्यास कुंडात उतरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.