बीडचा विद्यार्थी आणि विद्यापीठाची भाषा

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा घेऊन उर्दू राजभाषा झाली आणि १९१८ मध्ये त्याच भाषेतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीवाचून विज्ञान शिकवता येणार नाही, ही समजूत मोडून काढणारा तो प्रयोग धाडसी होता, आणि वैद्यकापासून कायद्यापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणणाऱ्या ‘दारुल तर्जुमा’चे, म्हणजे भाषांतर विभागाचे, श्रम आदराने नोंदवावेत असेच आहेत; मात्र संस्थानातील बहुतेक प्रजेची बोली तेलुगू, मराठी किंवा कन्नड असल्याने ज्याला देशी माध्यम म्हटले गेले ते बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला परकेच राहिले. फौकानिया, म्हणजे हायस्कूल, संपवून तो औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि पुढे हैदराबादला गेला, तर वर्गात त्याच्या कानांवर ग्रांथिक उर्दू पडे आणि बाजारात दखनी. या दखनीने ‘नको’चे ‘नक्को’ करून आणि जोर देणारा ‘च’ उचलून मराठीशी जुनेच नाते जोडलेले असल्याने ती त्याला अधिक जवळची वाटणे साहजिक होते.

परंपरेने मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ज्या अंबाजोगाईशी जोडला जातो, ते गाव निजामी दप्तरात मोमिनाबाद होते, आणि तेथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी केलेल्या अध्यापनाचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ गाण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना शिक्षणासाठी नागपूरचा आश्रय घ्यावा लागला.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये बीड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्याने मराठीला घराजवळचे विद्यापीठ लाभले. पण ही मराठी प्रमाण मराठी होती. ‘काय करायलास’ असे विचारणाऱ्या बीडच्या तरुणाला तेच वाक्य उत्तरपत्रिकेत ‘काय करतो आहेस’ असे लिहावे लागे, आणि तांड्यावरून आलेल्या बंजारा विद्यार्थ्याला तर राजस्थानीशी नाते सांगणारी गोरमाटी, तेलुगूच्या कुळातली वडारी बोलणाऱ्याला आपली बोली, घरीच ठेवून यावे लागे. उर्दूच्या सक्तीचा इतिहास मराठीत सविस्तर लिहिला गेला. या दुसऱ्या, बिनसक्तीच्या विस्मरणाचा मात्र अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.