पेट्रोलची वाफ आणि कोळशाचा डबा



आमचा केळापूर तालुका नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा. वैशाखांतील दुपारीं पांढरकवड्यास एखादी नादुरुस्त मोटार उन्हांत उभी राहिली, कीं तिच्याभोंवतीं पेट्रोलचा वास येऊं लागतो. इंजिन बंद, धूर नाहीं. मग हा वास कोठला? तो टाकींतील वाफेचा. उभी मोटारही हवा बिघडविते, हें जगास फार उशिरां कळलें.

पूर्वीं टाकीच्या झांकणास हवेसाठीं भोंक असे. उन्हानें झालेली वाफ तेथून निमूटपणें निघून जाई. पुढें १९४० नंतर अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें धुकें दाटूं लागलें. हागेन-स्मिट हे हॉलंडांत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ तेव्हां अननसाच्या गंधाचा अभ्यास करीत असत. त्यांनीं ह्या धुक्याचा छडा लावला. पेट्रोलची वाफ व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोनसारखे दाहक वायु बनतात, हें त्यांनीं १९५२ च्या निबंधांत मांडलें. १९७० सालच्या मोटारींपासून कॅलिफोर्नियानें व १९७१ पासून सर्व अमेरिकेनें ही वाफ कोंडणें सक्तीचें केलें.

उपाय साधाच आहे. वाफ नळीनें एका डब्यांत नेतात. तेथील सच्छिद्र कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालूं असतां एक झडप उघडते आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतें. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांत, बंद खोलींतील एका चाचणीस २ ग्रॅम वाफेची मर्यादा आहे.

वास आला तर प्रथम झांकणाचें रबर पाहावें, मग नळ्यांच्या चिरा, शेवटीं झडप. विजेची तार काढली असतां झडपेंतून हवा आरपार जातां कामा नये. मात्र कित्येकदां दोष आपलाच असतो. पंपाची तोटी आपोआप बंद झाल्यावरही आपण टाकी कांठोकांठ भरावयास सांगतों. मग पेट्रोलच डब्यांत शिरतें, कोळसा भिजतो आणि डबा बदलावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठीं कोणी नळी काढून मोकळी सोडतात. ती दुरुस्ती नव्हे. तें झांकणाचें जुनें भोंक पुनः उघडणें होय. आमच्या उन्हाला तर असें भोंक मुळींच परवडणारें नाहीं.