गुडघ्यातील दोरी : तिचा इतिहास आणि तिची निवड



मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर अशा माणसाने बोलावे, याचे काहींना हसू येईल. परंतु कामकऱ्याचे अंग हेच त्याचे भांडवल, आणि त्या भांडवलाचा हिशेब ठेवण्यात माझे आयुष्य गेले आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भंडाऱ्यातील एक पोरगा कबड्डीच्या मैदानात पडला. दिवसा तो फरशी बसवी, संध्याकाळी चढाईला जाई. पाय रोवून अंग वळवले, गुडघ्यात काही तुटल्याचा आवाज झाला आणि घटकाभरात गुडघा सुजून आला. नागपूरला तपासणी झाली. ‘लिगामेंट’ तुटले होते.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांवरून जातात. त्यांतला पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पीळ बसताना सांधा सावरतो. तो पुरता तुटला, की त्याची टोके सहसा आपोआप सांधत नाहीत. म्हणून अंगातलीच एखादी कंडरा काढून त्याच्या जागी ओवावी लागते. ती कोठून घ्यावी, हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

याचा इतिहास खेळाडूपासून सुरू होत नाही, कामगारापासून होतो. १८९५ साली इंग्लंडात लीड्स येथे मेयो रॉबसन या शस्त्रवैद्याने गुडघ्यातील दोन्ही तुटलेले बंध टाके घालून जोडले. या प्रकारची ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. रोगी होता एक्केचाळीस वर्षांचा खाणकामगार. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो माणूस परका वाटू नये.

पण नुसते टाके पुरेसे ठरेनात. १९१७ साली ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरील बाजूच्या जाड पट्ट्यातून एक पट्टी सोडवून घेतली, हाडांना भोके पाडली आणि त्यांतून ती ओवली. हाडांत बोगदा करून दोरी ओवण्याचे हे तत्त्व आजही कायम आहे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये जगाला कबड्डी दाखविली. त्याच साली अमेरिकेत कॅम्पबेल यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पट्टी वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९३९ मध्ये मेसी यांनी मांडीच्या मागची कंडरा घेतली. १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी वाटीखालच्या कंडरेचा मधला भाग हाडाच्या तुकड्यासह वापरला.

मग मनुष्याला वाटले, अंगातले काढायचे कशाला? १९८० च्या सुमारास कार्बनचे आणि गोअर-टेक्सचे कृत्रिम बंध आले. ते पुढे झिजले, तुटले. त्यांच्या कणांनी सांधे सुजले. मृताच्या देहातून घेतलेली कंडराही वापरतात. परंतु तरुण खेळाडूंच्या बाबतीत ती पुन्हा तुटण्याची शक्यता सुमारे चौपट असल्याचे अमेरिकेतील एका पाहणीत २०११ साली दिसून आले. म्हणून तरुणाला शक्यतो त्याच्याच अंगातली कंडरा बरी, असे शस्त्रवैद्य मानतात.

पण अंगातले घेतले, की तेथले उणे होते. वाटीखालची कंडरा दोन्ही टोकांच्या हाडासह येते. हाडाला हाड लवकर धरते, म्हणून धावत्या-वळत्या खेळाडूंसाठी तिला अनेकांची पसंती. तिचा दोष हा, की गुडघे टेकताना पुढे दुखत राहू शकते. मांडीमागच्या कंडरा घेतल्या तर टेकताना तेवढे दुखत नाही. परंतु गुडघा खोल वाकवून ओढण्याचा जोर काहीसा घटतो, आणि कोवळ्या वयाच्या खेळाडूत ती पुन्हा तुटण्याचे प्रमाण थोडे अधिक आढळते. तिसरी वाट वाटीवरच्या जाड कंडरेची. टेकण्याचा त्रास तीतही कमीच; पण मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर परत यायला वेळ लागतो.

आता आमचा पोरगा पाहा. कबड्डीच्या दृष्टीने त्याला वाटीखालची कंडरा योग्य. पण फरशी बसवणारा दिवसभर गुडघ्यांवरच असतो! नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “पोटासाठी काय करतोस?” उत्तर ऐकून त्यांनी मांडीमागच्या कंडरा घेतल्या. तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार केला.

निवड योग्य झाली, तरी गोष्ट येथे संपत नाही. ओवलेली कंडरा आरंभी निर्जीव दोरीसारखी असते. हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. पहिल्या काही महिन्यांत, दुखणे थांबून माणूस चांगला चालू लागतो नेमका तेव्हाच, ती कमजोर असते. नॉर्वेतील २०१६ च्या एका अभ्यासात आढळले, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवावे, तितका दर महिन्यागणिक पुन्हा इजेचा संभव निम्म्याने घटतो.

नऊ महिने! रोजंदारीच्या माणसाने ते काढायचे कसे? आमच्या पोराच्या घरी म्हातारी आई आणि दोन धाकट्या बहिणी. पाचव्या महिन्यात बाजूच्या गावी बक्षिसाचे सामने लागले. तो पट्टा बांधून निघालाच होता. युनियनच्या पोरांनी त्याला अडवले, आणि वर्गणी काढून चार महिन्यांचे रेशन त्याच्या घरी पोचवले. आज तो फरशी बसवतो आणि खेळतोही. ज्यांना अडवणारे कोणी नव्हते, असे दोघे मला ठाऊक आहेत. ते आता फक्त सामने पाहतात.

कंडरा कोणती, हे शस्त्रवैद्य ठरवील. आपण त्याला आपले काम आणि आपले बसणे-उठणे मोकळेपणी सांगावे. पण ते नऊ महिने त्याच्या हाती नसतात. सभागृहात क्रीडामंडळांचे चालक बसले आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. यंदाच्या सामन्यांचे पहिले बक्षीस जाहीर करण्यापूर्वी, त्यातला थोडा भाग मैदानात पडणाऱ्या पोराच्या घरखर्चासाठी बाजूला काढून ठेवा.